पाळणाघराची तपासणी कोणी करावयाची?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता अमलात आणल्या आणि एकोणतीस जुने कायदे त्यांच्या पोटात गडप झाले. कामगार संघटनांनी ह्या संहितांवर जी टीका केली ती मुख्यतः कामगारकपात, संपाचा हक्क आणि कंत्राटी पद्धत ह्यांभोवती फिरत राहिली. ते स्वाभाविकच होते. परंतु संहितांनी एका साध्या शब्दात केलेल्या बदलाकडे मात्र चळवळीचे पुरेसे लक्ष गेले नाही. जुन्या कायद्यातील 'इन्स्पेक्टर' आता 'इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर' झाला आहे. निरीक्षक आता सुलभकही आहे. कायदा कसा पाळावा ह्याचा सल्ला मालकाला देणे हे त्याच्या कर्तव्यात आले, आणि कोणत्या आस्थापनेत केव्हा जावयाचे हे त्याने आपल्या नजरेने ठरविण्याऐवजी संगणकाने यदृच्छेने ठरविण्याची तजवीज झाली.

प्रौढ कामगाराला ह्यावर काही उपाय तरी असतो. यंत्राला कठडा नसेल तर तो युनियनकडे जाईल, अर्ज करील, काम थांबवील. ज्याला ह्यांपैकी काहीच करता येत नाही असा एक जीव कारखान्याच्या आवारात कायद्यानेच आणून ठेवला आहे. तो म्हणजे पाळणाघरातील दीड वर्षाचे मूल. त्याच्या वतीने दार ठोठावणारा, खाटा मोजणारा आणि नळ सोडून पाहणारा कायद्यात एकच मनुष्य होता, आणि तो हा निरीक्षक होता.

पाळणाघर हे कोणा दानशूर गिरणीमालकाच्या औदार्यातून आलेले नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२० च्या दशकात कामगारांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. दिवसभर सूत गुंडाळणाऱ्या ह्या बायका तान्ह्या मुलांचे काय करीत होत्या ह्याची नोंद त्या काळच्या चौकशांत आहे. मूल खोलीत एकटे राहावे, रडू नये, म्हणून त्याला अफूची गोळी चारली जाई. बाजारात ती 'बाळगोळी' ह्या गोजिरवाण्या नावाने मिळे. व्हिटले ह्यांच्या अध्यक्षतेखालील मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात ह्या प्रथेची दखल घेतली आणि पाळणाघरांची शिफारस केली. १९३४ च्या कारखाने कायद्याने प्रांतांना तसे नियम करण्याची मुभा दिली, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याच्या ४८ व्या कलमाने ती सक्ती झाली. पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पुरेशी, उजेडाची, हवेशीर आणि स्वच्छ जागा असावी, ती बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या देखरेखीखाली असावी, असे ते कलम सांगते. १९७६ च्या दुरुस्तीने पन्नासाचा आकडा तीसवर आला. ह्या कलमाखालील नियम वाचावयास घेतले तर ते लिहिणाऱ्यांनी खरोखर मूल डोळ्यांसमोर ठेवले होते असे वाटते. धूर, धूळ वा दुर्गंधी येणाऱ्या, कर्कश यंत्रे चालणाऱ्या खात्याजवळ पाळणाघर नसावे, दर मुलामागे अमुक जागा असावी, आंघोळीची सोय, साबण आणि स्वच्छ टॉवेल असावा, दूध मिळावे, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला कामातून ठराविक वेळी सुट्टी असावी.

नियम उत्तम होते. मालकांनी मात्र त्यांतील एकच ओळ मन लावून वाचली, आणि ती म्हणजे स्त्रियांच्या संख्येची. बायका मोजून पाळणाघर लागू होत असेल तर बायकाच कमी कराव्यात, हा हिशेब करावयास फारशी विद्वत्ता लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांतून स्त्रिया हळूहळू नाहीशा झाल्या. त्याला रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे आणि पुरुष कामगारांच्या संघटनांची उदासीनता अशी इतरही कारणे होती. ह्यांतील शेवटचे कारण चळवळीने स्वतःशी कबूल करावयास हरकत नाही. पण प्रसूतिभत्ता आणि पाळणाघर ह्यांचा खर्च हे एक कारण होतेच. छोट्या कारखान्यांत पुढेही तीच युक्ती चालली. हजेरीपटावर तीस बाया आणि बाकीच्या कंत्राटदाराच्या वहीत.

नव्या संहितेने मोजणीची पद्धत बदलली आहे, आणि जे बरे आहे ते बरे म्हटले पाहिजे. आता केवळ स्त्रिया न मोजता पन्नासांहून अधिक कामगार मोजावयाचे आहेत. दोनशे कामगार व दहा स्त्रिया असलेल्या कारखान्याला जुन्या कारखाने कायद्याने पाळणाघराची सक्ती नव्हती, नव्या संहितेत ती आहे. मूल हे बापाचेही असते हे सत्य कायद्याला उशिरा का होईना समजले. मातृत्वलाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने ह्याच दिशेने पाऊल टाकले होते. परंतु चाळीस कामगारांपैकी पस्तीस स्त्रिया असलेल्या शिवणकामाच्या कारखान्याचे काय? जुन्या कायद्याने तेथे पाळणाघर सक्तीचे होते. नव्या संहितेने नाही. आणि स्त्रिया बहुसंख्येने कोठे काम करतात? नेमक्या अशाच ठिकाणी. ह्या देशात मुले मोजणारे कायदेही झाले होते. मळेकामगारांच्या कायद्याने स्त्रियांची संख्या कमी असली तरी वीस मुले असतील तेथे पाळणाघर सांगितले होते. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच मुले आली की त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला वेगळी मजुरी देऊन नेमावे, अशी तरतूद केली होती. ज्याच्यासाठी पाळणाघर, त्यालाच मोजावे, हा विचार इतका साधा आहे की तो संहितेच्या शिल्पकारांना सुचला नसेल असे म्हणवत नाही.

हे झाले पाळणाघर असण्याविषयी. त्यापुढचा प्रश्न, ते कसे असावे आणि ते तसे आहे हे कोणी पाहावे, अधिक कठीण आहे. त्यासाठी मेक्सिकोतील एका दुर्घटनेकडे नीट पाहणे आवश्यक आहे.

सोनोरा प्रांताची राजधानी एर्मोसिय्यो. ५ जून २००९ ची दुपार, तीनच्या सुमाराची वेळ, मुलांची निजानीज झालेली. 'ए. बी. सी.' नावाच्या पाळणाघराला आग लागली आणि ४९ मुले गेली. शंभराहून अधिक मुले व माणसे जखमी झाली. सर्वांत लहान मुलाचे वय महिन्यांत मोजावयाचे होते. ही इमारत मुळात एक गोदाम होती. त्याच छपराखाली, भिंतीपलीकडे, प्रांतिक सरकारच्या वित्तखात्याचे गोदाम होते; तेथे कागदपत्रांचे ढीग पडलेले असत. आग तेथे लागली. पाळणाघराच्या छताखाली शोभेसाठी ताणलेले कापड आणि वर फेसाचे अस्तर होते. ते वितळून पेटत मुलांच्या अंगावर पडले. ये-जा करण्याचे दार एकच. आणीबाणीचे दार वेळेवर उघडता आले नाही. आसपासचे लोक धावले, आणि एका तरुणाने आपली गाडी मागे घेऊन घेऊन भिंतीवर आदळली व तिला भगदाडे पाडली, तेव्हा काही मुले बाहेर काढता आली.

आता ह्या दुर्घटनेचा पूर्वेतिहास पाहावा. मेक्सिकोत काम करणाऱ्या मातांच्या मुलांसाठी पाळणाघरे हा सामाजिक विम्याचा भाग आहे. १९७३ च्या कायद्याने तो हक्क दिला, आणि तो चालविण्याची जबाबदारी सामाजिक विमा संस्थेवर टाकली. सरकारी पैसा, सरकारी हक्क. परंतु शतक उलटता उलटता त्या संस्थेने पाळणाघरे स्वतः चालविण्याचे सोडून ती खासगी कंत्राटदारांकडे सोपविण्याचा सपाटा लावला. २००९ पर्यंत संस्थेच्या पाळणाघरांपैकी बहुतेक सर्व कंत्राटी झाली होती. एर्मोसिय्योच्या त्या पाळणाघराच्या मालकांत प्रांतिक सरकारातील अधिकाऱ्यांचे नातलग होते, आणि तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीची एक नातलगही होती. कंत्राटे कोणत्या वाटेने दिली जातात हे महाराष्ट्रातील वाचकाला समजावून सांगण्याचे कारण नाही.

तपासणी झालीच नव्हती, असे मात्र नाही. आगीच्या अवघ्या दहा दिवसांपूर्वी, २६ मे रोजी, ते पाळणाघर सुरक्षा-तपासणीत उत्तीर्ण झाल्याचे सांगण्यात आले. कागद होता. शिक्का होता. ज्या संस्थेने कंत्राट दिले तिनेच, किंवा तिच्याशी जोडलेल्या यंत्रणेने, तपासणी करावयाची होती. ते पाळणाघर बंद पडले तर दीडशे मुले कोठे ठेवावयाची हा प्रश्न त्याच संस्थेपुढे उभा राहिला असता. परीक्षा घेणारा, आणि परीक्षार्थी नापास झाल्यास ज्याची अडचण होणार तो, ह्या दोन व्यक्ती एकच असतील तर निकाल काय लागणार? आणि भिंतीपलीकडच्या गोदामात कोण डोकावणार होते? ते तर सरकारचे होते. पाळणाघराच्या तपासनिसाला तेथे जाण्याचे काम नव्हते, आणि गोदामाच्या तपासनिसाला शेजारी मुले झोपतात ह्याच्याशी कर्तव्य नव्हते.

मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने ह्या प्रकरणाची चौकशी केली. एका न्यायमूर्तींनी मसुद्यात असे मांडले की दोष एका पाळणाघराचा नाही. कंत्राटे देण्याच्या आणि देखरेखीच्या सबंध व्यवस्थेतच अनागोंदी आहे, आणि तिची जबाबदारी संस्थेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांवरही येते. जून २०१० मध्ये न्यायालयाच्या बहुमताने हे नाकारले. मुलांच्या हक्कांचा गंभीर भंग झाला हे मान्य, पण वरिष्ठ अधिकारी जबाबदार नाहीत! मृत मुलांचे आईबाप तेथेच थांबले नाहीत. त्यांनी रस्ते धरले, मसुदे लिहिले, खासदारांच्या दारात ठिय्या दिला, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये सबंध देशातील पाळणाघरांसाठी एक सर्वसाधारण कायदा करवून घेतला. लोक त्याला 'पाच जूनचा कायदा' म्हणतात. नोंदणी, पात्रता, सुरक्षेची मानके आणि तपासणी ही त्या कायद्याची अंगे आहेत. ४९ पाळणे रिकामे झाले तेव्हा हा कायदा मिळाला.

आपल्याकडील स्थिती ह्याहून बरी आहे काय? महाराष्ट्रात अग्निप्रतिबंधाचा २००६ चा कायदा आहे. त्याच्या व्यवस्थेप्रमाणे इमारतीच्या मालकाने दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, अग्निसुरक्षेची साधने ठीक असल्याचा दाखला द्यावयाचा असतो. दाखला कोणाचा? परवानाधारक खासगी एजन्सीचा, आणि तिचे शुल्क देणार मालक. ज्याचे खावे त्याच्या उणिवा काढाव्यात, अशी अपेक्षा ह्या व्यवस्थेने बाळगली आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षात दहा बालके गुदमरून व होरपळून गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा-तपासणीचे आदेश सुटले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण दगावले. दोन्ही इमारती सरकारच्या होत्या. तपासणीचा आदेश आणि तपासणी ह्यांत, आणि तपासणी व दुरुस्ती ह्यांत किती अंतर असू शकते हे त्या दहा महिन्यांनी दाखविले.

आणि कारखान्यांच्या आवाराबाहेर, शहरांतील वसाहतींत, जी हजारो खासगी पाळणाघरे आहेत त्यांचे काय? ती कारखाने कायद्याच्या कक्षेत नाहीत. शाळा नसल्यामुळे शिक्षणहक्क कायद्यात नाहीत. निराधार मुलांच्या संस्था नसल्यामुळे बालन्याय कायद्यातही नाहीत. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईने केलेली अमानुष मारहाण कॅमेऱ्याने टिपली आणि सबंध महाराष्ट्र हळहळला. तेव्हा कोठे लोकांना कळले की अशा पाळणाघराला परवाना देणारा, त्याची नोंद ठेवणारा एकही स्वतंत्र कायदा राज्यात नव्हता. पुढच्याच वर्षी राज्याने दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा केला, आणि त्यात दहांहून कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे ठरविले. चार आया ठेवून तीस मुले सांभाळणारे पाळणाघर आणि नाक्यावरचे पानाचे दुकान ह्यांत गुमास्ता कायद्याच्या दृष्टीने काही भेद उरला नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ साली किमान मानकांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या सूचना आहेत. सूचना न पाळल्याबद्दल शिक्षा नसते.

ब्रिटनने पाळणाघरे आणि घरी मुले सांभाळणाऱ्या स्त्रिया ह्यांच्या नोंदणीचा व तपासणीचा कायदा १९४८ सालीच केला. आपला कारखाने कायदाही त्याच वर्षीचा. त्या देशाकडून आपण कारखाना-निरीक्षकाची कल्पना घेतली, परंतु शेजारच्या बाईकडे ठेवलेल्या मुलाचीही काळजी राज्याने घ्यावी ही कल्पना घ्यावयाची राहून गेली.

खारघरनंतर एकच मंत्र सर्वतोमुखी झाला: कॅमेरे लावा. मध्यमवर्गीय पालकांना त्याने दिलासा मिळतो हे खरे. परंतु कॅमेरा मारहाण झाल्यावर ती दाखवितो. आणि बाई मारते का, हा प्रश्न तो कधीच विचारीत नाही. दहा-बारा रांगती मुले एकट्या बाईच्या अंगावर टाकून, तिला दिवसाचे दहा तास राबवून, घरकामाच्या बाईपेक्षाही कमी पगार द्यावयाचा, आणि मग तिच्या डोक्यावर यंत्राचा डोळा बसवावयाचा, ही सुरक्षिततेची फार स्वस्त कल्पना आहे. एका बाईमागे किती मुले, हा आकडा तपासणाऱ्याने प्रथम पाहावयास हवा. बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्या आकड्यामागून येतात. न्हाणीघरात भरून ठेवलेली बादली रांगत्या मुलाचा जीव घेण्यास पुरते, आणि ती बादली वेळीच दिसावी इतका निवांतपणा त्या बाईला असावा लागतो. खिडकीला गज नसतील तर मूल खाली पडण्याची भीती. गज पक्के बसविले तर आगीत तीच खिडकी पिंजरा होते. मुंबईच्या इमारतींत हा पेच घरोघरी आहे. तो सोडविण्यासाठी आतून उघडणारी जाळी आणि तिची किल्ली कोठे टांगली आहे हे पाहणारा मनुष्य लागतो. दुपारी एक वाजता, न कळविता येऊन, सर्व मुले एकाच वेळी इतकी गाढ कशी झोपली आहेत असे विचारणाराही लागतो. बाळगोळीचे नाव गेले असले तरी झोप आणणारी सर्दी-खोकल्याची औषधे कोणत्याही दुकानात मिळतात.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो केवळ मालकवर्गाचा नाही. निरीक्षक म्हणजे हप्ता, असे सामान्य माणूसही म्हणतो, आणि त्यात अनुभवाचा भाग मोठा आहे. मालकाच्या बंगल्यावर जेवून कारखान्यात पाऊल न टाकता शेरा लिहिणारे निरीक्षक युनियनच्या कार्यकर्त्यांनी पाहिले आहेत. शिवाय चाळीतील दोन खोल्यांत आठ मुले सांभाळून संसार ओढणाऱ्या विधवेचे काय? तिच्या दारात परवाना, फी, नकाशा, अग्निशमनाचा दाखला ह्यांची यादी घेऊन कोणी उभा राहिला तर ती पाळणाघर बंद करील किंवा चोरून चालवील. ती बंद पडली तर धुणीभांडी करणाऱ्या आठ बायांची मुले पुन्हा कुलपाआड जातील. सोयी असलेली चकचकीत पाळणाघरे टिकतील आणि गरिबांची मरतील. पक्षाच्या महिला कार्यकर्त्यांपैकी अनेकींना ही भीती वाटते, आणि तिचा उपहास करण्यात अर्थ नाही.

परंतु ह्या भीतीतून तपासणी नको असा निष्कर्ष काढणे म्हणजे गरिबाच्या मुलाने कमी सुरक्षित असावे हे तत्त्व मान्य करणे होय. तपासणीबरोबर मदतही दारात आली पाहिजे. नोंदणी विनामूल्य असावी. जाळी, अग्निशामक नळकांडे, सतरंज्या, औषधांची पेटी ह्यांचा खर्च नगरपालिकेने करावा; मुदत द्यावी; जागा अपुरी असेल तर पालिकेच्या शाळेतील रिकामी खोली द्यावी. मराठी शाळांच्या ओस पडलेल्या खोल्या आज कोणाच्या उपयोगी पडत आहेत? ह्या अर्थाने निरीक्षकाने सुलभक व्हावयास हरकत नाही. उलट त्याने तसे व्हावेच. संहितेतील विपर्यास असा की तेथे तो सुलभक आहे तो पन्नास-शंभर कामगार राबविणाऱ्या मालकाचा. ज्याला सल्ला विकत घेता येतो त्याला सरकारी सल्ला फुकट, आणि ज्या बाईला तो हवा आहे तिच्या गल्लीत कोणी फिरकत नाही.

भ्रष्टाचारावर इलाज म्हणून तपासणीच पातळ करण्याचे जे धोरण २०१४ पासून देशभर रुजविले गेले, स्वयंप्रमाणन हे ज्याचे गोंडस नाव आहे, त्याची जात एर्मोसिय्योच्या शिक्क्याहून निराळी नाही. भारताने १९४९ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या ८१ क्रमांकाच्या करारास मान्यता दिली आहे. निरीक्षकाला पूर्वसूचनेवाचून, दिवसा वा रात्री, कोणत्याही वेळी कामाच्या जागी जाता आले पाहिजे, आणि आवश्यक तितक्या वेळा तपासणी झाली पाहिजे, असे तो करार म्हणतो. ती आवश्यकता सोडतीने कशी ठरावी? निरीक्षक विकला जातो तेव्हा त्याच्याबरोबर दुसरे डोळे पाठवावयास हवेत. तपासणीच्या वेळी मातांच्या समितीतील दोघी हजर असाव्यात, शेरा मराठीत लिहून पाळणाघराच्या दारावर चिकटविला जावा, आणि तपासणारा व कंत्राट देणारा हे कोणत्याही परिस्थितीत एकच नसावेत. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची वर्षानुवर्षे रिकामी राहणारी पदे भरणे ही मागणी तर जुनीच आहे.

राज्य स्वतः मुलांना सांभाळते तेथे तरी काय दिसते? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीत ज्या कामाला आरंभ केला आणि कोसबाडच्या टेकडीवर ज्याला रूप दिले, त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द देशाला मिळाला. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेने तो गावोगाव नेला. परंतु अंगणवाडी काही तासांची असते, आणि शेतावर गेलेली आई संध्याकाळी परतते. पर्यवेक्षिका येते ती वजनाची नोंद, आहाराचा साठा आणि मोबाइलमधील माहिती पाहावयास. छपराचे पत्रे, विजेची उघडी तार, स्वयंपाकाचा गॅस मुलांपासून किती हातांवर आहे, ह्यांचे रकाने तिच्या कामात दुय्यम. जिच्या अंगावर हे सारे, त्या सेविकेला मानधनावरची स्वयंसेविका म्हणावयाचे. तिला उपदान मिळावे हे सांगावयास एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. राष्ट्रीय पाळणाघर योजनेची गत ह्याहून वाईट झाली. केंद्राने २०१७ साली खर्चाचा वाटा राज्यांवर व संस्थांवर ढकलला, आणि सुमारे २३,००० पाळणाघरांची संख्या काही वर्षांत साडेसहा हजारांच्या आसपास आली. नंतर 'पाळणा' ह्या नव्या नावाखाली अंगणवाडीला जोडून १७,००० पाळणाघरांचे लक्ष्य जाहीर झाले. म्हणजे जे मोडले त्याहून कमीच पुन्हा बांधण्याची ती घोषणा होती.

सोलापूरची विडी कामगार स्त्री घरीच विड्या वळते. कारखान्याच्या हजेरीत ती नसल्यामुळे पाळणाघराच्या हिशेबात ती नाही, आणि तिचे मूल तंबाखूच्या सुपाशेजारी झोपते. बांधकामावरच्या मजूर बाईसाठी १९९६ चा कायदा झाला. मीरा महादेवन ह्यांनी १९६९ साली दिल्लीत राजघाटाच्या बांधकामावर तंबू टाकून फिरते पाळणाघर सुरू केले होते, आणि १९७२ मध्ये ते काम मुंबईतही आले; कायदा त्यांच्यामागून सत्तावीस वर्षांनी आला, तोही पन्नास स्त्रियांच्या अटीसह. आणि ऊसतोडणीला तर सगळेच लागू आणि काहीच लागू नाही. बीडहून, धाराशिवहून निघालेले नवराबायको मिळून मुकादमाच्या वहीत एक 'कोयता' होतो. उचल कोयत्याला, मजुरी कोयत्याला. बाई कामगार म्हणून स्वतंत्र मोजलीच जात नाही, आणि साखर कारखाना म्हणतो, ही आमची माणसे नव्हेत. ज्या हजेरीपटावर आई नाही त्यावरून मुलासाठी पाळणाघर कसे निघावे? पहाटे अंधारात फडात जाताना तान्हे मूल पाचटावर निजविलेले असते, त्याला सांभाळावयास सहा-सात वर्षांची बहीण, आणि फडातून ट्रॅक्टर मागे-पुढे होत असतो. पांढऱ्या कपड्यांतील किती निरीक्षक आजवर त्या बांधावर गेले?

पाळणाघरांचा राज्यव्यापी कायदा व्हावा ही मागणी विधिमंडळात मांडण्याआधी तिच्यामागे माहिती उभी करावी लागेल, आणि ती शासनाकडे नाही. प्रत्येक शहर शाखेने आपल्या वॉर्डातील पाळणाघरे पायी फिरून मोजावीत. मुले किती, सांभाळणाऱ्या किती, दारे किती, एवढेच लिहिले तरी पुष्कळ झाले. जिल्ह्यातील कारखान्यांत पाळणाघरे किती आणि गेल्या तीन वर्षांत त्यांची तपासणी किती वेळा झाली, हे माहिती अधिकाराखाली संचालनालयास विचारावे. ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांनी गळीत हंगाम सुरू होताच साखर कारखान्यांच्या संचालकांना भेटावे. त्यांतील अनेक कारखाने सहकारी आहेत, त्यांच्या सर्वसाधारण सभेत सभासद म्हणून उभे राहून प्रश्न विचारता येतो, आणि तळावरच्या कोप्यांतील मुले कोण मोजतो, हा प्रश्न त्या सभांच्या कार्यक्रमपत्रिकेवर यावयाचा आहे.